हॅलोबाई आणि तीन चित्रांचे बदक

हॅलोबाईंचे खरे नाव आमच्या ऑफिसात फक्त दोन ठिकाणी लिहिलेले आहे, हजेरीपुस्तकात आणि सेवापुस्तकात. बाकी साहेबांपासून शिपायापर्यंत सगळ्यांसाठी त्या हॅलोबाईच. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात टेलिफोनच्या बोर्डावर एकतीस वर्षे बसलेल्या बाईला दुसरे काय म्हणणार?

त्यांचे वडील याच खात्यात व्हॉल्व्ह सोडायचे. हातभर लांबीची लोखंडी किल्ली सायकलला बांधून गल्लोगल्ली फिरायचे. ते आजारपणात गेले तेव्हा बाई एकोणीस वर्षांच्या होत्या. खात्याने त्यांना बोर्डावर घेतले. पाठच्या दोन बहिणींची शिक्षणे, मग लग्ने, मग आईचे दुखणे, असे एकामागून एक करता करता त्यांचे स्वतःचे राहूनच गेले. हे त्यांनी कधी बोलून दाखवले नाही. तक्रार विभागाबरोबर ऑफिसची सेवापुस्तकेही माझ्याकडे असतात. वारसाच्या रकान्यात आईचे नाव खोडून बहिणीचे नाव लिहायला त्या आल्या, तेव्हा मला कळले की आता त्या एका लॉन्ड्रीवरच्या दोन खोल्यांत एकट्याच राहतात.

बोर्डाची खोली जिन्याखाली आहे. तिला खिडकी नाही. दिवसभर तक्रारी येतात: पाणी आले नाही, गढूळ आले, आले ते शेजाऱ्याकडेच आले. बाई पहिल्या हॅलोवरून माणूस ओळखतात. माझ्या तक्रार विभागाला फोन जोडून देताना हळूच सांगतात, "साहेब, ह्यांच्याकडे पाणी आलंय, पण भांडायचं राहिलंय, तेवढं ऐकून घ्या." आणि दर वेळी तसेच निघते. उलट एखादा फोन जोडताना म्हणतात, "हे आजोबा फार बोलणार नाहीत, पण तीन दिवस कोरडे असणार. आधी ह्यांचं बघा."

दुपारी एक ते दीड शिपाईमामा त्यांच्या जागी बसतात. बाकीचे आम्ही वरच्या लांब खोलीत एकत्र डबे खातो. बाई मात्र सुरुवातीची कितीतरी वर्षे खाली बोर्डाच्याच खोलीत, मामांकडे पाठ करून, भिंतीकडे तोंड करून जेवायच्या. त्यांना कोणी 'या' म्हटले नव्हते आणि बोलावल्याशिवाय जाणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. आम्हालाही सुचले नाही. मुद्दाम केले असते तर निदान आठवले तरी असते.

अकरा वर्षांपूर्वी आमच्याकडे येणाऱ्या दैनिकात एक चित्रमालिका सुरू झाली. परदेशी होती, चित्रे तिकडची, फुग्यांतले शब्द आपल्या भाषेत. नाव 'आमचं बदक'. चौकड्यांचा कोट घातलेला एक बुटका माणूस आणि त्याने पाळलेले बदक. माणूस बोलायचा, बदक कधीच बोलायचे नाही. हवामानाच्या खाली रोज तीन चित्रे. मोठ्या साहेबांचे वाचून झाले की पेपर एक वाजता आमच्या टेबलावर यायचा.

पहिल्याच आठवड्यात आमचे डोके फिरले. एका दिवसाची चित्रे मला तारखेसह आठवतात. पहिल्या चित्रात माणूस घरात खुर्चीवर बसून छत्री उघडतो. दुसऱ्यात बदक मान वर करून छताकडे बघते. तिसऱ्यात माणूस म्हणतो, "मी सांगितलं होतं." संपले.

"यात हसायचं काय आहे?" आवक-जावक म्हणाला. हा आमचा टपाल सांभाळणारा कारकून. येणारे-जाणारे कागद नोंदवता नोंदवता येणाऱ्या-जाणाऱ्या माणसालाही टोमणा मारल्याशिवाय सोडत नाही.

"वरच्या मजल्यावरची लाईन फुटली आहे," मीटरवाले म्हणाले. ते घरोघर जाऊन मीटर वाचतात. "सांधा गेलाय. मी सांगितलं होतं म्हणजे प्लंबरला सांगितलं होतं."

"मग त्यात विनोद कुठला?"

"प्लंबर आला नाही, हा विनोद. तुमच्याकडे कधी वेळेवर आलाय?"

तेवढ्यात बाई कसलासा निरोप लिहिलेली चिठ्ठी द्यायला वर आल्या होत्या. माझ्या खांद्यावरून त्यांनी पेपर पाहिला आणि सहज म्हणाल्या, "अहो, ते वाक्य त्याचं नाही. बायकोचं आहे."

"बायको कुठे आहे यात?"

"तीच तर नाही. ती गेलीय माहेरी. जाताना म्हणाली होती, छत गळतंय, बघून घ्या. ह्याने नाही बघितलं. आता ती असती तर काय म्हणाली असती, ते हाच म्हणून बघतोय. घर फार गप्प झालं की माणूस करतो असं."

मग मीटरवाले असे हसले की त्यांना ठसका लागला. "माझी गेली होती ना मागच्या महिन्यात! मी स्वतःलाच ओरडलो, दिवे कोण बंद करणार म्हणून!" त्यांनी पायाने एक स्टूल पुढे ओढले. "बाई, बसा. उद्या काय येतंय ते पण तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवशी बाई डबा घेऊन वर आल्या.

त्यानंतर तो नियमच झाला. आधी आम्ही तिघे आपापले अंदाज बांधायचो. मीटरवाल्यांच्या अंदाजात कुठे ना कुठे पाईप फुटलेला असायचाच. मग आवक-जावक म्हणायचा, "चला, आता निकाल." आणि बाई घास संपवून, हात रुमालाला पुसून पेपर जवळ घ्यायच्या. एकदा माणूस स्वतःच्याच घराची कडी वाजवतो, बदक दार उघडते आणि माणूस विचारतो, "मी इथे राहतो का?" बाई म्हणाल्या, "नवीन वसाहत आहे. सगळ्या इमारती सारख्या. सकाळपासून हे सतरावं दार." यावर मीटरवाल्यांना हसू आवरेना, कारण त्यांनी एकदा पूर्ण इमारतीचे मीटर शेजारच्या इमारतीच्या नावावर टाकून आणले होते.

कधी कधी बाईंचा अर्थ वेगळ्याच वाटेने जायचा. माणूस आरशासमोर तीन टाय धरून विचारतो, "यातला कुठला?" बदक पाठ फिरवते. माणूस म्हणतो, "तेच मला वाटलं." बाई म्हणाल्या, "त्याला कुठे जायचंच नाही. बोलावणं आलेलं नाही. बदकाला माहीत आहे, म्हणून ते बघत नाही."

"बाई, हे ऐकून हसायचं की रडायचं?"

"ज्याला जे सोसेल ते."

आवक-जावक त्या दिवशी टोमणा मारायला विसरला.

चौथ्या वर्षी मला एक गोष्ट कळली. माझा मेहुणा त्या दैनिकात पाने लावतो, म्हणजे बातम्या आणि चित्रे कापून पानावर मापात बसवतो. काही कामासाठी मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याच्या टेबलावर 'आमचं बदक'चा परदेशाहून आलेला गठ्ठा पडला होता. मी वरचा कागद उचलला. चित्रे चार होती.

"चार?" मी म्हणालो.

"चारच असतात, भावोजी. पण आपल्याकडे हवामानाखाली तीन चित्रांचीच जागा आहे. एक काढावंच लागतं."

"कुठलं काढता?"

"शेवटचं. त्यात शब्द नसतात ना! ज्यात काही लिहायचंच नाही, ते जाऊन काय बिघडतं?"

मी जुना गठ्ठा मागून छत्रीचे चित्र शोधले. चौथ्या चौकटीत वरच्या मजल्यावरचा न्हाणीचा टब होता. त्यात वीस-पंचवीस बदके दाटीवाटीने डुंबत होती आणि पाणी काठावरून वाहत होते. बदकाकडे पाहुणे आले होते. माणसाने सांगितले होते ते हेच, की नातेवाइकांना बोलावू नकोस. टायच्या चित्रात बदक चौथा टाय स्वतः बांधून ऐटीत बाहेर चालले होते. बायको नव्हती, हुकलेले बोलावणे नव्हते. साधा, सरळ विनोद होता, पोरालाही कळेल असा. माझ्या मेहुण्याची कात्री तो रोज कापून टोपलीत टाकत होती.

मी वाणिज्य शाखेचा माणूस. चारातला एक रोज गायब होतो हे मला पाहवेना. घरी येऊन संपादकांना पत्र लिहिले, विषय, संदर्भ, सगळे व्यवस्थित. सही केली, पाकिटात घातले. सकाळी ते टपालात टाकायचे म्हणून ऑफिसात नेले आणि एक वाजता बाईंना रुमालाला हात पुसताना पाहिले. चौथे चित्र छापून यायला लागले की बाईंना विचारणार कोण? पाकीट मी खणात ठेवले. ते सात वर्षे तिथेच होते.

गेल्या महिन्यात आवक-जावकच्या भाचीने परदेशातून त्याला एक जाड पुस्तक पाठवले. 'आमचं बदक'च्या पहिल्या दोन वर्षांची सगळी चित्रे, मूळ रूपात. तो ते वाईट हेतूने घेऊन आला असे मी म्हणणार नाही. त्याचा चेहरा सणासुदीच्या पोरासारखा फुलला होता.

"चार आहेत!" त्याने डबे सरकवून पुस्तक टेबलावर मांडले. "अहो, चार आहेत! शेवटचं आपल्याला कधी दाखवलंच नाही!"

मी पुस्तक बंद करणार होतो. काय सांगून बंद करायचे ते सुचेना. मीटरवाले पाने उलटायला लागले होते. टब सापडला. ते पोट धरून हसले. टाय सापडला. दाराची कडी सापडली. तिथे घरात आत तसाच चौकड्यांचा कोट घालून दुसरा माणूस बसला होता आणि बदकाने ह्याला ओळखच दाखवली नव्हती.

"बाई, बघा ना," आवक-जावक म्हणाला, "तुम्ही बायकोला माहेरी पाठवलंत. इथे बायकोच नाही हो! बिचाऱ्याचं लग्न तुम्हीच लावलंत, आणि तुम्हीच संसार मोडलात."

मीटरवाले हसत हसत म्हणाले, "म्हणजे अकरा वर्षं तुम्ही आम्हाला शेंडी लावत होता?"

त्यांनी ते गमतीने विचारले होते. बाईंनी ते गमतीने घेतले नाही.

"हो," त्या म्हणाल्या. डब्याचे झाकण लावले. अर्धे जेवण तसेच होते. जिना उतरताना त्या प्रत्येक पायरीवर थांबल्यासारख्या वाटल्या, पण थांबल्या नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्या वर आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशीही नाही. मामांना विचारले. ते म्हणाले, "खाली भिंतीकडे तोंड करून बसतात. मी म्हटलं, वर जा. तर म्हणाल्या, माझं काय काम आहे वर?"

चौथ्या दिवशी मी खणातले पाकीट घेऊन खाली गेलो. मामांना बाहेर पाठवले. बाईंनी पत्र वाचले, तारीख पाहिली, पुन्हा वाचले.

"तुम्हाला सात वर्षं माहीत होतं?"

"हो."

"आणि रोज माझ्यासमोर बसून अंदाज सांगत होता?"

"सांगत होतो."

"फार वाईट असायचे हो तुमचे अंदाज. मला वाटायचं, साहेब शिकलेले आहेत, जरा डोकं चालवतील." त्यांनी पत्राची घडी घातली. बोर्डावर दिवा लागला, तो फोन जोडून दिला, मग म्हणाल्या, "पहिल्या दिवशी मी खोटं सांगितलं नव्हतं. मला खरंच तसं दिसलं होतं."

"मला माहीत आहे."

"नंतर रोज दिसायचं नाही. मग सकाळी स्टॉलवर पेपर विकत घ्यायचे आणि बसमध्ये बसून जुळवायचे. एखाद्या दिवशी काही सुचायचंच नाही. दहा वाजून जायचे, अकरा वाजायचे, फोन घेता घेता डोक्यात तेच. एक वाजता 'मला नाही समजलं' म्हणायचं ठरवून जिना चढायचे आणि शेवटच्या पायरीवर काहीतरी सापडायचं."

"म्हटलं असतं तरी चाललं असतं, बाई."

"ते तुम्हाला माहीत होतं. मला कुठे माहीत होतं? मला अर्थ सांगायला बसवलं होतं. अर्थ नाही तर बसायचं कशाला?"

सात वर्षे मी त्यांना सांभाळून घेतो आहे असे समजत होतो. त्या रोज सकाळी बसमध्ये अर्थ जुळवत येत होत्या, हे माझ्या ध्यानीमनी नव्हते.

वर जाऊन मी टेबलावर सगळे सांगितले, पत्रासकट. मीटरवाले माझ्यावर भडकले. "सात वर्षं? आणि मी मूर्खासारखा पाईप फोडत बसलो!" आवक-जावकने पुस्तक कागदात गुंडाळून पिशवीत टाकले.

पेपर मात्र रोज येत होता, आणि तीनच चित्रे घेऊन. नवीन चित्रे पुस्तकात नव्हती. पाचव्या दिवशी चित्रांत नदीचा काठ होता. माणूस बॅग घेऊन उभा, शेजारी बदक. माणूस विचारतो, "पलीकडे पोहोचायला किती वेळ लागेल?" दुसऱ्यात बदक पाण्यात उतरते. तिसऱ्यात माणूस बॅगेवर बसून टोपी काढतो आणि म्हणतो, "मी आहे इथे."

"नदीखालून लाईन टाकायची आहे," मीटरवाले म्हणाले, पण त्यांच्याही आवाजात जीव नव्हता. कोणी हसले नाही.

आवक-जावक अचानक उठला. एका हातात डबा, दुसऱ्या हातात पेपर. जिना उतरून गेला. काय बोलतो कोण जाणे म्हणून मी मागोमाग गेलो, आणि माझ्यामागे मीटरवाले.

तो बोर्डाच्या दारात उभा होता. "बाई, हे काय आहे?"

मामा जागेवरून उठायला लागले, पण बाईच पुढे आल्या. त्यांनी पेपर घेतला. दिव्याखाली धरला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. मग त्यांनी मान हलवली.

"नाही समजलं."

"अजिबात?"

"अजिबात नाही."

"मलाही नाही," आवक-जावक म्हणाला. "पेपर वर आल्यापासून तीनदा बघितलं." आणि तो जुन्या डिरेक्टऱ्यांच्या गठ्ठ्यावर बसला आणि डबा उघडला.

"इथे बसताय?"

"मग कुठे बसू? वर हे दोघे आहेत. एकाला पाईप दिसतो, दुसऱ्याने सात वर्षं दिसलेलं सांगितलं नाही."

मीटरवाले दारातच उकिडवे बसले. मला बसायला जागा उरली नव्हती. मी जिन्याच्या शेवटच्या पायरीवर टेकलो. बाई अजून उभ्याच होत्या.

"त्या बॅगेत काय असेल?" मीटरवाल्यांनी विचारले.

"कपडे," बाई म्हणाल्या. "नाही, मला माहीत नाही. मी आपलं म्हटलं."

"म्हणा हो, म्हणा. आम्ही कुठे पुराव्यानिशी बोलतो?"

"मला वाटतं, तो बदकाला रस्ता विचारायला पाठवतोय."

"नदीत रस्ता? आणि पोहोचायला वेळ लागणार तर बॅगेचं काय?"

"म्हणूनच तर म्हटलं, समजलं नाही!" बाईंचा आवाज चढला. त्या चक्क वाद घालत होत्या. अकरा वर्षांत त्यांनी निकाल दिला होता, वाद कधी घातला नव्हता.

तेवढ्यात बोर्डावर ठेवलेल्या हेडफोनमधून बारीक आवाज आला. मामांनी कुणाला तरी थांबायला सांगितले होते आणि खटका उघडाच राहिला होता. पलीकडचा माणूस सगळे ऐकत होता.

"मी बोलू का?" तो म्हणाला. वयस्कर आवाज होता.

बाईंनी झटकन हेडफोन उचलून तोंडाजवळ धरला. "माफ करा हं आजोबा, तुमची तक्रार—"

"ती नेहमीचीच आहे, पाणी नाही. ते राहू दे. चित्र माझ्यापुढे आहे. बॅग माणसाची आहे असं कोण म्हणालं? बदकाची असेल की. बदक निघालंय, हा सोडायला आलाय."

"मग तो बसून का राहिलाय?" आवक-जावक ओरडला.

"कोणाला सोडायला गेलात की लगेच पाठ फिरवून येता का तुम्ही?"

"आणि बॅग?" बाई म्हणाल्या. "बॅग ह्याच्याकडेच राहिली ना? बदक विसरून गेलं."

आजोबा म्हणाले, "तो मुद्दा आहे खरा."

"मुद्दा काय, तुमचा अर्थ पडला की!"

"मग तुमचा सांगा."

"मला नाहीच समजलं म्हणते आहे मी मघापासून," बाई म्हणाल्या आणि हसायला लागल्या. तोंडावर हात न ठेवता, मोठ्याने. मामांनी त्यांची खुर्ची त्यांच्यामागे सरकवली आणि त्या बसल्या.

मी माझी वही मागवून आजोबांचा पत्ता घेतला. तीन दिवस पाणी नव्हते. मीटरवाल्यांनी मधेच विचारले, "कोपऱ्यावरचा सांधा बघितला का?" तो सांधाच गेलेला निघाला, मीटरवाल्यांचा अंदाज त्या एकाच दिवशी खरा ठरला, आणि तोही बदकाबद्दल नव्हे.

दुसऱ्या दिवशी एक वाजता मामा खाली गेले आणि बाई डबा घेऊन वर आल्या. त्यांनी पेपर उघडला नाही, आधी डबाच उघडला.

"आधीच सांगून ठेवते," त्या म्हणाल्या, "आज मी बसमध्ये झोपले होते. पेपर बघितलेला नाही."

"मग आज कोण सांगणार?" मीटरवाल्यांनी विचारले.

"साहेब सांगतील," बाई म्हणाल्या. "सात वर्षांची बाकी आहे त्यांच्याकडे."

मी पेपर घेतला. तीन चित्रे होती. मला काहीही कळले नाही, आणि मी तसे सांगितले.